मॉरिशसच्या नातेवाइकांकडे १२ दिवस: डाळपुरी, दगडांचे ढीग आणि सुरूच्या सावलीतला रविवार

जायफळ

माझ्या मामेबहिणीचे लग्न ९ वर्षांपूर्वी मॉरिशसच्या एका मराठी कुटुंबात झाले. मुलगा पुण्यात शिकायला आला होता, तिथेच दोघांची ओळख झाली, आणि लग्नाला त्याच्याकडची मोजून ५ माणसे आली होती. त्या पाचांपलीकडे तिच्या सासरी कोण कोण आहे, घरात कोणती भाषा बोलली जाते आणि रोजच्या ताटात काय असते, याची आम्हाला काहीच कल्पना नव्हती. दर दिवाळीला फोनवर त्यांनी ‘या एकदा’ म्हणावे आणि आम्ही ‘येऊ की’ म्हणून सोडून द्यावे, असे चालले होते. यंदा जुलैमध्ये मी आणि माझी ७१ वर्षांची आई खरोखरच गेलो आणि १२ दिवस त्यांच्या घरी राहिलो. परत आल्यापासून जो तो समुद्राचे फोटो मागतो आहे. ते माझ्याकडे फारसे नाहीत, कारण आमचा बराचसा वेळ त्यांच्या स्वयंपाकघरात आणि मागच्या अंगणात गेला, आणि त्याबद्दलच येथे लिहिते आहे.

सुरुवात फजितीने झाली. भाचीला तिकडे कुठला मिळायचा, म्हणून आईने मेतकूट, आमसुले, भाजणी आणि गोडा मसाला यांच्या जोडीला कढीपत्त्याची एक भली मोठी जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेत घातली होती. ताजा पाला, फळे, बियाणे असे काही जवळ असल्यास ते जाहीर करायचे असते आणि त्यासाठी परवाना लागतो, हे फॉर्मवर स्पष्ट लिहिलेले होते. मी ते वाचले नव्हते. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने अत्यंत सौजन्याने जुडी काढून घेतली आणि पुढच्या वेळी लक्षात ठेवा, एवढेच सांगितले. खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. मागचे दार उघडले तर स्वयंपाकघराच्या छपरापेक्षा उंच वाढलेले कढीपत्त्याचे झाड समोर उभे होते. बहिणीच्या सासूबाई त्याला ‘कारीपुले’ म्हणतात. सगळे पोट धरून हसले. आई मात्र दुपारच्या चहापर्यंत हसली नाही.

त्या झाडाखालीच दोन म्हाताऱ्यांची मैत्री जमली. सासूबाई घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, बोलतात, शेजारणींशी भोजपुरी बोलतात आणि मराठी त्यांना येते ती शाळेत शिकलेली आणि आरत्या-गाण्यांतून टिकलेली. आईला फ्रेंचचा गंध नाही आणि क्रिओल हे नावही तिने तिथेच पहिल्यांदा ऐकले. तेव्हा दोघींनी भाज्यांपासून सुरुवात केली. भेंडीला लालो, वांग्याला ब्रेंजेल, दोडक्याला पिपंगाय, कारल्याला मार्गोझ, कोथिंबिरीला कोतोमिली. पालेभाजीला एकंदरीत ब्रेद म्हणतात, आणि ब्रेद मुरुम म्हणजे आपला शेवग्याचा पाला निघाला. तिसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा दोघी तो पाला निवडत बसल्या होत्या आणि कोणत्या भाषेत कोण जाणे, पण सुनांबद्दल बोलत होत्या, इतके मला नक्की कळले.

आता डाळपुरीविषयी. मॉरिशसमध्ये रस्त्यावर सर्वांत जास्त खाल्ला जाणारा पदार्थ हाच असावा. काचेच्या पेटीत फडक्याखाली पुऱ्यांची चळत असते, विक्रेता नेहमी दोन पुऱ्या एकावर एक ठेवतो, त्यांवर पांढऱ्या मोठ्या घेवड्याच्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोचा रुगाय म्हणजे दाट रस्सा आणि मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून हातात देतो. एक डाळपुरी मागणारा माणूस त्याला बहुधा भेटतच नाही; मागायची ती ‘एन पेअर’, म्हणजे जोडीच. आम्ही पहिल्या दिवशी ती पोर्ट लुईच्या बाजाराबाहेर उभ्याने खाल्ली आणि आईने ‘बरी आहे’ असा शेरा दिला.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी ती घरी केली, तेव्हा आई ओट्याशी उभी होती. पिवळी डाळ हळद घालून शिजत ठेवली. दाणा बोटांत दाबला तर पिचेल पण गाळ होणार नाही इतकी शिजल्यावर ती चाळणीवर उपसली आणि खाली पातेल्यात पिवळे पाणी साचले. आईने लगेच विचारले, ‘कट काढलात, त्याचे काय करणार?’ सासूबाईंना कट हा शब्द ठाऊक नव्हता, पण बोट कुठे दाखवले ते कळले. त्यांनी ते कोमट पाणी मैद्यात ओतून कणीक भिजवली. डाळ निथळून, कोरडी करून अगदी भुगा होईपर्यंत वाटली, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली, उंड्यात हा भुगा ठासून भरला आणि पुरी लाटली. पुरी म्हणायची, पण ती तळायची नसते. तव्यावर तेलाचा हात फिरवून भाजायची. लाटताना भुगा कडेपर्यंत जातो की नाही हे त्या हाताने चाचपून पाहत होत्या, अगदी आपल्याकडे पाहतात तसेच. आई बराच वेळ गप्प होती, मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘अगं, ही पुरणपोळीच आहे. गूळ घालायला विसरल्यात.’

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, कारण ‘पुरणपोळी’ आणि ‘गूळ’ हे दोन्ही शब्द सासूबाईंना उत्तम समजतात. त्या मात्र शांतपणे म्हणाल्या, ‘गोडाची गणपतीला.’ मग त्यांनी त्याच पुरीबरोबर तांदळाची खीर वाढली. त्यांच्याकडे घरच्या डाळपुरीबरोबर खीर असते. आईने खिरीत पुरी कुस्करून खाल्ली आणि दुसरी मागितली. वरून तूप मात्र स्वतःच्या डब्यातले घेतले.

पायवाट

लेख आवडला. आम्हीही पुढच्या वर्षी माझ्या नणंदेच्या सासरच्यांकडे मॉरिशसला जाण्याच्या विचारात आहोत, म्हणून काही सरळ प्रश्न विचारते. व्हिसा लागतो का? नातेवाइकांच्या घरी राहायचे असल्यास कोणती कागदपत्रे दाखवावी लागतात? जुलैमध्ये हवा कशी होती? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भेट म्हणून काय न्यावे? कढीपत्ता नको, हे कळले.

दर्यावर्दी

मी पोर्ट लुईत ४ वर्षे नोकरीनिमित्त राहिलो आहे, त्यामुळे जायफळ यांच्या आधीच मध्ये तोंड घालतो. भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटक म्हणून आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. मात्र परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे आहेत, हे दाखवण्याची तयारी ठेवावी. हॉटेलऐवजी घरी उतरणार असाल तर यजमानांचे पत्र, त्यांचा पूर्ण पत्ता आणि फोन क्रमांक छापील स्वरूपात जवळ असू द्या. विमानतळावर फोनला नेटवर्क नसते आणि नेमका तेव्हाच पत्ता विचारला जातो. प्रवासाआधी एक ऑनलाइन फॉर्मही भरावा लागतो.

हवेबद्दल बहुतेक भारतीयांची फसगत होते. हा देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपला पावसाळा म्हणजे त्यांचा हिवाळा. किनाऱ्यावर तो सुखद असतो, पण मधल्या पठारावर, म्हणजे वाक्वा आणि क्युरपिपच्या बाजूला, जुलै-ऑगस्टमध्ये ढग, भुरभुर पाऊस आणि बोचरा वारा असतो. पूर्व किनाऱ्यावरही तेव्हा आग्नेयेकडून येणारा वारा फार असतो, म्हणून हिवाळ्यात समुद्रावर जायचे तर पश्चिमेकडे जावे. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. तेव्हा गरम होते, पण लिचीही तेव्हाच असते, हे मी मुद्दाम नमूद करतो.

आणखी एक गोष्ट. जुलैत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर गावांकडच्या बसगाड्या विरळ होतात. ‘संध्याकाळी फिरायला बाहेर पडू’ या आपल्या सवयीचा तिथे काही उपयोग नाही. सकाळी लवकर बाहेर पडावे. सोमवार मोकळा असेल तर आग्नेयेकडच्या माएबूरचा आठवडी बाजार पाहावा आणि तिथून जवळच कसाव्याच्या पिठाची बिस्किटे करणारा १८७० सालचा कौटुंबिक कारखाना आहे, तो चुकवू नये. बिस्किटे अजूनही तव्यावर हाताने भाजतात. साबुदाणा कसाव्यापासूनच होतो, त्यामुळे ही बिस्किटे उपासाला चालतात का, असा प्रश्न माझ्या आईने मला विचारला होता. त्याचे उत्तर मी आजवर टाळत आलो आहे.

जायफळ

दर्यावर्दी, आभार, माझे निम्मे काम तुम्ही केलेत. हवेची फसगत आमचीही झाली. बेट म्हटल्यावर ऊनच असणार, अशा समजुतीने मी सुती कपडे भरले होते आणि बहिणीचे घर नेमके वाक्व्याला आहे. आई १२ दिवस सासूबाईंच्या शालीत होती. परतताना ती शाल तिच्याच बॅगेत निघाली. घातली कुणी, याबद्दल दोघीही कानावर हात ठेवतात.

पायवाट, भेटवस्तूंबद्दल माझा अनुभव असा. मसाल्यांचे कौतुक झाले, पण त्यांची गरज नव्हती, कारण भारतीय वाणसामान तिथे सर्रास मिळते. मेतकूट आणि आमसुले मात्र खरोखर नवीन ठरली. सर्वांत जास्त हाताळली गेली ती मी सहज टाकलेली दोन मराठी बालमासिके आणि एक कालनिर्णय. सासरे निवृत्त आहेत. त्यांना देवनागरी वाचता येते, पण ताजे छापील मराठी क्वचितच हाती पडते. ते रोज सकाळी चष्मा लावून कालनिर्णयाच्या मागच्या पानांवरचा मजकूर मोठ्याने वाचत आणि अडले की आईला विचारत. ‘आत्या, दशमी काय?’ त्या घरात सगळेच तिला आत्या म्हणू लागले होते, सासरेसुद्धा, जे तिच्याहून ३ वर्षांनी मोठे आहेत. तिथी की भाकरी, असे विचारून आईने दोन्ही अर्थ समजावले आणि संध्याकाळी दशम्या करून दाखवल्या. मुले मला मात्र ‘तांतिन’ म्हणत, म्हणजे मावशी, काकू, आत्या, सगळे एकातच.

खाण्याच्या बाबतीत एक गोष्ट आधी कळली असती तर बरे झाले असते. आम्ही शाकाहारी आहोत, हे मी बहिणीला सांगून ठेवले होते, पण इतरांना सांगताना फार शब्द खर्ची पडत. शेवटी बहिणीच्या धाकट्या दिराने युक्ती सांगितली. ‘कारेम’ म्हणा. व्रतासाठी मांसमच्छी सोडणे याला तिथे कारेम म्हणतात. महाशिवरात्रीपूर्वी, गणपतीपूर्वी अनेक हिंदू घरांत ते पाळतात. तो एक शब्द उच्चारला की कुणी पुढे काही विचारत नसे. फक्त एका गृहस्थांनी हळूच विचारले की जुलैत कसले कारेम, आणि किती वर्षे चालणार आहे.

उंबरठा

मी गेली २० वर्षे परदेशात राहते आणि दर उन्हाळ्यात माझ्या घरी भारतातून कुणी ना कुणी येते, म्हणून यजमानाची बाजू मांडते. लेख गोड आहे; पण १२ दिवस म्हणजे थोडे नव्हेत. घरातली दोन्ही माणसे नोकरी करत असतात, रजा मोजक्या असतात, आणि पाहुण्यांना मात्र रोज नवे ठिकाण हवे असते. त्यावर कळस म्हणजे दुकानात प्रत्येक वस्तूची किंमत मोठ्याने रुपयांत करून सांगणे. माझ्या एका नातेवाईक दांपत्याने माझ्याच ताटातल्या भाजीची अशी किंमत काढली होती. पाहुण्यांना माणसे भेटल्याचा आनंद असतो, हे खरे. पण त्या आनंदाची गाडी कुणी चालवली, पेट्रोल कुणी भरले आणि ओटा कुणी पुसला, हेही लिहावे, अशी विनंती.

जायफळ

उंबरठा, तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे आणि मला तो बोचलाही, कारण पहिले दोन दिवस आम्हीही तसेच वागलो. बहिणीने दोन दिवस रजा काढली होती, आणि तिसऱ्या दिवशीही ती आम्हाला कुठेतरी नेईल, असे मी गृहीत धरून बसले होते. सकाळी ती ऑफिसचे कपडे घालून आली आणि ‘मेट्रोचे स्टेशन उजवीकडे’ म्हणाली. क्युरपिप ते पोर्ट लुई ही मेट्रो वाक्व्यातूनच जाते आणि तिच्यामुळे आमची फार सोय झाली. कामाच्या दिवशी आम्ही दोघी आमच्या आम्ही हिंडत असू, चार वाजता घरी येत असू आणि भाजी चिरून ठेवत असू. गाडी फक्त दोनदा मागितली: एकदा गंगा तलावाला जाण्यासाठी आणि एकदा शामारेलची सप्तरंगी माती पाहण्यासाठी. पेट्रोलचे पैसे बहिणीच्या यजमानांनी घेतले नाहीत. मग आईने बाजारातून भाजी आणि फळे आणायचे काम स्वतःकडे घेतले आणि त्याला कुणाला हरकत घेता आली नाही. तिथला रुपया आपल्या रुपयापेक्षा बराच महाग आहे, त्यामुळे मनातल्या मनात हिशेब मी सतत करत होते, हे कबूल करते. तोंडाने केला तो एकदाच, अननसाच्या गाडीपाशी. लहानसा, कोरून फुलासारखा कापलेला अननस, त्यावर चिंच-मिरची-मीठ. खाल्ल्यावर हिशेब विसरले.

एकट्याने हिंडल्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. पोर्ट लुईच्या बंदरावरच्या आप्रवासी घाटावर आम्ही निवांत तीन तास काढले. १८३४ ते १९२० या काळात भारतातून जवळजवळ ५ लाख करारबद्ध मजूर येथे आले. काही पुढे इतर वसाहतींत पाठवले गेले. आज तिथे थोड्या दगडी इमारती आणि बंदरातून वर येणाऱ्या १६ पायऱ्या उरल्या आहेत, आणि २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. कलकत्ता आणि मद्रास बंदरांच्या मानाने मुंबईहून आलेले कमी, पण त्यांत कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे लोक होते, आणि बहिणीचे सासर त्यांच्यापैकीच. आई त्या पायऱ्यांवरून वर आली आणि मग पुन्हा खाली जाऊन, काठावर उभी राहून पाण्याकडे पाहत राहिली. मी फोटो काढायला गेले तर हातानेच नको म्हणाली.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी आम्हाला गाडीतून उसाच्या रानात नेले. जुलैत तोड सुरू झालेली असते, रस्त्यांवर उसाचे ट्रक असतात. तोडून मोकळ्या झालेल्या शेतात मधोमध काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात, काही तर नीट रचलेल्या पिरॅमिडसारखे. मला ती जुनी देवळे वाटली. सासरे म्हणाले, ‘देऊळ नाही. मजुरांनी हाताने उचललेले.’ जमीन उसासाठी मोकळी करताना निघालेला एकेक दगड वाहून नेऊन तिथे रचला होता. त्यांनी मराठीत आणखी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, शब्द सापडला नाही, तेव्हा क्रिओलमध्ये नातवाला सांगितले. नातू म्हणाला, ‘आजा म्हणतात, त्यांच्या आजाच्या पाठीवर खूण होती.’

सोनटक्का

दगडांवरून एक भर घालते, अवांतर वाटल्यास क्षमस्व. मी भूशास्त्र शिकवते. तो काळा दगड बेसॉल्ट आहे, म्हणजे सह्याद्रीचाच दगड, आणि हे केवळ दिसण्यातले साम्य नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून सरकत असताना जो लाव्हा बाहेर आला, त्यातून दख्खनचे पठार घडले, असे मानले जाते. भारत उत्तरेकडे निघून गेला, ती जागा मागे राहिली, आणि तिच्यातूनच सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आले. आज ती जागा शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. थोडक्यात, रत्नागिरीचा माणूस कातळ सोडून गेला आणि समुद्रापलीकडे त्याच भट्टीतला दगड उचलत बसला.

जायफळ

सोनटक्का, हे अवांतर मुळीच नाही. मी तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, मला तो दगड ओळखीचा वाटलाच होता, पण कुणी विचारले नाही.

सहलींपैकी आता एका रविवारचे सांगते. मॉरिशसला समुद्र पाहायला जातात ते पर्यटक. तिथली कुटुंबे समुद्रावर जेवायला जातात. आदल्या रात्रीच हंडे निघाले. सकाळी ९ वाजता ४ गाड्यांतून आम्ही १९ जण, त्यांपैकी निम्म्यांना मी तोपर्यंत पाहिलेही नव्हते, पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आं फ्लाकला पोहोचलो. किनाऱ्याला लागून सुरूची झाडे आहेत, अगदी आपल्या किनाऱ्यांवर असतात तशीच, आणि प्रत्येक झाडाखाली एकेका कुटुंबाचे बिऱ्हाड थाटलेले होते. चटया, खुर्च्या, बिर्याणीचे हंडे, लोणच्याच्या बरण्या. आमच्यासाठी वेगळी भाजी-बिर्याणी होती आणि तिच्या झाकणावर चिकटपट्टी लावून ‘कारेम’ असे लिहिले होते.

चहाबरोबर गातो पिमां म्हणजे वाटलेल्या डाळीचे मिरची घातलेले लहान वडे आले. ते पावाला लोणी लावून त्यात घालून खातात. वडापावाचा हा चुलतभाऊ मला फार आवडला. गोडाला गातो पतात होते. त्याची पारी रताळ्याची, आत ओले खोबरे, साखर आणि वेलची, आकार अर्धचंद्राचा आणि तळून काढलेले. आईने एक हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि मी तिच्याकडे डोळे वटारले. पण या वेळी ती काही म्हणाली नाही. सासूबाईच म्हणाल्या, ‘आत्या, ही करंजीच आहे. आम्ही मैदा विसरलो.’

जेवण झाल्यावर शेजारच्या झाडाखालून रावान वाजू लागले. हे बकऱ्याचे कातडे ताणलेले मोठे, पसरट, हातात धरायचे वाद्य. सुरात येण्यासाठी ते जाळावर शेकतात. त्याच्या तालावर होणारा सेगा हा मुळात गुलामगिरीतल्या आफ्रिकी लोकांचा नाच. तो पाय जमिनीवरून न उचलता, घसटत करतात. त्या कुटुंबाची आणि आमची ओळख नव्हती, पण दहा मिनिटांत आमची मुले तिकडे आणि त्यांची इकडे झाली. बहिणीच्या सासऱ्यांनी मग आपल्या वहीतले एक गाणे म्हटले. गणपतीत त्यांच्याकडे झाकरी करतात, म्हणजे आपली कोकणातली जाखडी. चाल ओळखीची, शब्द अर्धे माझ्या कानाला नवे. मी फोनवर ध्वनिमुद्रण करायला घेतले, तर वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही.

दर्यावर्दी

जायफळ, सासऱ्यांना एक सुचवून पाहा. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या मूळ नोंदवह्या जपलेल्या आहेत. त्यांत मजुराचा क्रमांक, जहाज, वय, वडिलांचे नाव, जिल्हा आणि गाव लिहिलेले असते, आणि पुढच्या काळातल्या काहींची छायाचित्रेही आहेत. वंशज अर्ज करून उतारा मागू शकतात. माझ्या एका सहकाऱ्याला त्यावरून बिहारमधले गाव सापडले होते. नोंद करणाऱ्या कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले असल्यामुळे आडनाव बहुधा नसतेच. पुष्कळदा पूर्वजाचे पहिले नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले आहे.

जायफळ

उतारा त्यांनी फार पूर्वीच काढला आहे. दहाव्या दिवशी जेवणानंतर सासऱ्यांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला तो कागद आणला. क्रमांक, जहाज, वय २२, जिल्हा रत्नागिरी. पुढे तालुका आणि गाव. गावाचे नाव इंग्रजीत असे काही लिहिलेले आहे की त्यातून किमान चार वेगवेगळी कोकणी गावे निघावीत. आईचे माहेर राजापूरकडचे. तिने कागद दिव्याखाली धरला आणि ते नाव निरनिराळ्या तऱ्हांनी मोठ्याने म्हणून पाहिले, नावाच्या शेवटी कधी ‘वली’ लावून, कधी ‘वाडी’ जोडून, आणि सासरे प्रत्येक वेळी मान वर करून पाहत, की हेच का. मी फोनवर नकाशा उघडला होता. रात्री साडेअकराला दोन गावे उरली. दोन्ही एकाच खाडीच्या दोन काठांवर आहेत.

म्हणून आता येत्या जानेवारीत सासू-सासरे, माझी बहीण आणि मुले येणार आहेत, आणि आम्ही दोन्ही गावांना जाणार आहोत. आईने माहेरच्या घराची कौले आताच शाकारायला सांगितली आहेत, वास्तविक पावसाळा संपत आला आहे. उंबरठा, गाडी मी चालवणार आहे आणि ओट्याचे काम भावाकडे दिले आहे.

कालच सासूबाईंचा फोन आला होता. गातो पतातसाठी तुमच्याकडे रताळी मिळतात ना, डाळपुरीबरोबरच्या भाजीसाठी तो पांढरा मोठा घेवडा मिळतो का, की येताना घेऊन येऊ, असे त्या विचारत होत्या. आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि सांगितले, ‘विहीणबाई, सगळे मिळते. फक्त कढीपत्ता आणू नका.’